२०९ पाउंडांची ऑर्डर आणि वर ११ हजारांचं बिल: डिचोलीतलं एक प्रकरण

डिचोलीच्या आमच्या वहिनीने गेल्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या एका साइटवरून कपडे मागवले, कार्डाने २०९ पाउंड भरले, म्हणजे साधारण २५ हजार रुपये, आणि पार्सल मुंबईला पोचल्यावर कुरिअरवाल्यांनी वर आणखी ११,९०५ रुपये मागितले. घरात जो काय गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. दादा म्हणाला फ्रॉड आहे, वहिनी म्हणाली साइटने फसवलं, आणि शेजारच्या काकींचं ठाम मत की कस्टमवाले पैसे खातात. कागद हातात आल्यावर कळलं की तिघांचंही चुकलंय, आणि खरा तोटा त्या ११ हजारांत नव्हताच, तो नंतर रिटर्नच्या वेळी समोर आला. मी म्हापशाला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, आमचं काम जास्त करून जीएसटीचं, पण बिल वाचायची सवय आहे म्हणून वहिनीने सगळे कागद माझ्याकडे दिले. नाव टाकू नको एवढंच म्हणाली.

तर ऑर्डर अशी होती. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नांचा धडाका सुरू होतो आणि वहिनीच्या भावाचं लग्न डिसेंबरात साखळीला होतं. तिची मामेबहीण स्विंडनला असते (आता पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांचं तिथे एक छोटं गाव वसलंय म्हणा), तिने सेलची लिंक पाठवली. वहिनीने रिसेप्शनसाठी एक लांब ड्रेस घेतला ७० पाउंडांचा, दादासाठी लिननचा ब्लेझर ९० पाउंडांचा, आणि पोरासाठी दोन टीशर्टांचा एक पॅक ३० पाउंडांचा. माल झाला १९० पाउंड, शिपिंग १९. पाउंड तेव्हा १२० रुपयांच्या आसपास होता, हिशोब सोपा जावा म्हणून मी पुढे सगळीकडे १२०च धरलाय. म्हणजे माल २२,८०० आणि शिपिंग २,२८०. शिवाय बँकेने परदेशी चलनाचा मार्कअप आणि त्यावर जीएसटी असे मिळून हजारभर रुपये वेगळे लावले, ते स्टेटमेंट येईपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्याभरात एसएमएस आला की तुमचं शिपमेंट कस्टम्समध्ये आहे, केवायसी अपलोड करा, ड्युटी भरा, खाली लिंक. आता असले मेसेज खोटे किती येतात ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे वहिनीने ते उडवून लावलं, आणि खरं सांगायचं तर लिंक न दाबणं हे तिने बरोबरच केलं, फक्त त्यानंतर काहीच केलं नाही तिथे गडबड झाली. पार्सल मुंबई विमानतळाजवळ सहारला कुरिअर टर्मिनलवर पडून राहिलं. असा मेसेज कधीही आला तर दुकानाच्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये जो ट्रॅकिंग नंबर असतो तो घ्यायचा, कुरिअरची साइट स्वतः टाइप करून उघडायची आणि तिथे तो नंबर टाकायचा. तिथेही ड्युटी बाकी दिसली तर मेसेज खरा, आणि पैसे तिथूनच भरायचे. कोणी फोन करून "मी कस्टम ऑफिसर बोलतोय, या नंबरवर जीपे करा" म्हटलं तर सरळ फोन ठेवायचा, कस्टम खातं कोणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही, आणि खात्याकडून खरंच पत्र आलं तर त्यावर डीआयएन नावाचा नंबर असतो जो सीबीआयसीच्या (कस्टम आणि जीएसटी बघणारं केंद्राचं मंडळ) साइटवर तपासता येतो. वहिनीच्या केसमध्ये ट्रॅकिंगवर सगळं दिसलं, मेसेज खरा निघाला.

केवायसीचं वेगळंच. ऑर्डर तिने लग्नानंतरच्या नावाने टाकलेली आणि आधार माहेरच्या नावावर. पार्सलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर कुरिअर पुढे हलत नाही, कारण माणसाची ओळख आणि पत्ता पटवणं ही त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. शेवटी पासपोर्टवर नवऱ्याचं नाव होतं म्हणून भागलं. ज्यांचा पासपोर्ट नाही त्यांनी ऑर्डर टाकतानाच आधारवर आहे तस्संच नाव टाकावं, दुसरं काही नाही.

आता बिलाकडे. सगळ्यात पहिली गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते ती ही की भारतात बाहेरून विकत घेतलेल्या मालाला "एवढ्या रकमेपर्यंत माफ" असं काही नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंत माफी होती (ती पण त्यांनी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली), त्यामुळे नेटवर वाचून लोकांना वाटतं आपल्याकडेही काहीतरी असेल. आपल्याकडे कायद्यात फक्त एवढं आहे की एकूण ड्युटी १०० रुपयांपर्यंतच होत असेल तर घेत नाहीत, कस्टम्स ॲक्टचं कलम २५(६). शंभर रुपये ड्युटी होईल एवढ्यात परदेशातून रुमाल पण येणार नाही.

दुसरं म्हणजे ड्युटी मालाच्या किमतीवर लागत नाही, माल अधिक शिपिंग अधिक इन्शुरन्स यावर लागते. वहिनीचा मुख्य राग याच्यावरच होता, की कुरिअरचे पैसे मी दिले त्याच्यावर पण टॅक्स? हो, त्याच्यावर पण. इन्शुरन्स इनव्हॉइसवर दाखवलेलाच नव्हता, तर अशा वेळी २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. शिपिंग फुकट असलं आणि त्याचा आकडा कुठे मिळाला नाही तर किमतीच्या २० टक्के धरायची तरतूद आहे, त्यामुळे "फ्री शिपिंग" बघून खूश व्हायच्या आधी इनव्हॉइसवर भाडं किती लिहून येतं ते बघा. रुपयाचा दर पण बँकेचा नाही, कस्टम्सचा स्वतःचा जाहीर केलेला दर असतो.

तर २२,८०० माल, २,२८० भाडं, २५६.५० इन्शुरन्स, मिळून २५,३३६.५०. यावर बेसिक कस्टम ड्युटी २० टक्के, म्हणजे ५,०६७.३०. तयार कपड्यांवर हा दर आधी बऱ्याच ठिकाणी १० होता, २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सरकारने शेकडो टेक्स्टाइल आयटमवर तो दुप्पट केला. काही कपड्यांना "इतके टक्के किंवा नगाला इतके रुपये, जे जास्त असेल ते" असा पण प्रकार आहे, म्हणजे फार स्वस्त माल मागवला तर टक्केवारीपेक्षा नगावरचा दर जास्त पडू शकतो, वहिनीच्या मालाला तसा लागला नाही. मग त्या ड्युटीच्या १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ५०६.७३. हा मालावर नाही, ड्युटीवर आहे, त्यामुळे दोन्ही मिळून २२ टक्के होतात, ३० नाही. अनेक जण इथे ३० धरून कस्टमवाल्यांच्या नावाने उलट बोलतात.

आणि मग आयजीएसटी (आयात मालावर लागणारा जीएसटी), आणि हा लागतो माल अधिक भाडं अधिक इन्शुरन्स अधिक वरच्या दोन्ही ड्युट्या या सगळ्याच्या बेरजेवर. टॅक्सवर टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचा जीएसटी बदलला, नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के, त्याआधी हजारपर्यंत ५ आणि पुढे १२ होता. आपण गणपतीच्या नंतर "कपडे स्वस्त झाले" म्हणून ऐकलं ते २,५०० च्या खालच्या कपड्यांचं, महाग कपडा उलट महाग झाला. वहिनीचा ड्रेस ८,४०० चा आणि ब्लेझर १०,८०० चा, दोघांना १८ टक्के. एक आकडा डोक्यात ठेवायचा असेल तर असा: २,५०० च्या वरच्या कपड्याला भाड्यासकट किमतीच्या ४४ टक्क्यांच्या किंचित कमी, आणि खालच्या कपड्याला साधारण २८ टक्के. जुन्या दराने तोच ड्रेस ३६ ते ३७ टक्क्यांत सुटला असता.

आता टीशर्टांची भानगड, आणि या प्रकरणात पैसे वाचले ते फक्त इथेच. कुरिअरने पहिलं जे एस्टिमेट पाठवलं त्यात आयजीएसटी सरसकट १८ टक्के लावला होता, ५,५६३.९० रुपये. मी इनव्हॉइस उघडून बघितलं तर साइटने टीशर्ट एका ओळीत लिहिलेले, "टू पॅक, क्वांटिटी १, ३० पाउंड". म्हणजे कागदावर तो ३,६०० रुपयांचा एक नग दिसतो, २,५०० च्या वर, झाला १८ टक्के. खरं तर आत दोन नग, प्रत्येकी १,८०० चे, आणि भाडं, इन्शुरन्स, ड्युटी सगळं चढवून पण एक टीशर्ट २,४४० ला जातो, कसंही धरलं तरी अडीच हजारांच्या आतच. कुरिअरच्या क्लिअरन्स डेस्कला ईमेल केला, साइटवरच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला ज्यात पॅकमध्ये दोन पीस असं स्पष्ट लिहिलंय, आणि दुकानाला सांगून नग वेगवेगळे दाखवणारं इनव्हॉइस मागवलं. दुकानाने ते दुसऱ्या दिवशी पाठवलं, याबाबतीत त्यांचं कौतुक. एस्टिमेट बदलून आलं, टीशर्टांना ५ टक्के म्हणजे २४४.०३ आणि बाकी दोघांना मिळून ४,६८५.३९. एकूण ड्युटी ११,१३८ वरून १०,५०३ वर आली. ६३४ रुपये वाचले.

कोणी म्हणेल ६३४ रुपयांसाठी एवढा खटाटोप? पण मुद्दा वेळेचा आहे. हे सगळं कुरिअरने कस्टम्सकडे बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा तपशील आणि ड्युटी लिहिलेला फॉर्म) टाकायच्या आधी झालं म्हणून दोन ईमेलमध्ये सुटलं. एकदा माल सुटला की तो आकडा बदलायला आधी असेसमेंटलाच, म्हणजे ड्युटीच्या आकारणीलाच आव्हान द्यावं लागतं, नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. सहाशे रुपयांसाठी कमिशनर अपिल्सकडे कोण जाणार? एस्टिमेट आलं की घाबरून लगेच भरायचं पण नाही आणि रागावून गप्प बसायचं पण नाही, त्यातली प्रत्येक ओळ इनव्हॉइसशी ताडून बघायची. एक लाखाच्या आतलं कुरिअर पार्सल असेल तर तो फॉर्म सीबीई-१३ असतो, त्याची कॉपी कुरिअरकडे मागायची, त्यात शीर्षक (माल कुठल्या वर्गात धरला तो नंबर), व्हॅल्यू, ड्युटी सगळं वेगवेगळं दिसतं.

ड्युटीच्या खाली कुरिअरचे स्वतःचे ६५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७६७. सरकारचा यात संबंध नाही. आम्ही तुमच्या वतीने ड्युटी आधी भरतो त्याची ही फी असं त्यांचं म्हणणं, आणि ती प्रत्येक कुरिअरची वेगळी असते. एकाच आठवड्यात तीन छोट्या ऑर्डरी टाकल्या तर ही फी तीनदा लागते, म्हणून मागवायचंच असेल तर एकत्र मागवावं. तर शेवटचं बिल ११,२७०. कार्डाचे २५,०८०, बँकेचे हजार आणि हे, सगळं धरून ३७ हजारांच्या वर गेलं. सेलमध्ये घेतलेले कपडे हां.

साइटने फसवलं का? मी त्यांचं शिपिंगचं पान वाचलं, तिथे लिहिलेलं होतं की भारतासाठी ड्युटी आणि टॅक्स किमतीत धरलेले नाहीत, ते घेणाऱ्याने भरायचे. बारीक अक्षरात होतं, पण होतं. चेकआउटला "ड्युटीज इन्क्लुडेड" किंवा डीडीपी असं दिसलं तर दुकान भरतं, आणि डीएपी किंवा डीडीयू दिसलं तर आपण. काहीच दिसलं नाही तर आपणच भरायचे असं समजून चालायचं. मला मात्र साइटवर दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. इंग्लंडात मोठ्यांच्या कपड्यांच्या किमतीत २० टक्के व्हॅट आत धरलेला असतो, लहान मुलांच्या कपड्यांवर तो शून्य असतो. माल देशाबाहेर पाठवला तर दुकानाला तो व्हॅट भरावा लागत नाही, निर्यातीवर तिथे शून्य दर आहे. बऱ्याच साइटी देश "इंडिया" केला की किंमत खाली आणतात. ही साइट आणत नव्हती, स्विंडनच्या बहिणीला जो १९० चा आकडा दिसला तोच वहिनीला दिसला आणि तेवढेच घेतले. व्हॅट काढला असता तर ड्रेस आणि ब्लेझर मिळून १६० ऐवजी १३३.३३ पाउंडांना, म्हणजे सरळ ३,२०० रुपये कमी, आणि ड्युटी पण कमी किमतीवर लागली असती, सगळं मिळून साडेचार हजारांच्या वर फरक. वहिनीने त्यांना विचारलं तर उत्तर आलं की आमच्या किमती जगभर एकच आहेत. यात बेकायदा काही नाही, किंमत काय ठेवायची ते दुकानाचं दुकान जाणे, पण दुसऱ्या साइटशी तुलना करताना हे बघितलं पाहिजे होतं. आम्ही नुसता सेलचा टक्का बघतो.

मग सल्ले सुरू झाले. स्विंडनहून बहिणीचा फोन, मी गिफ्ट म्हणून पाठवते गो, गिफ्टला ड्युटी नसते. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या गिफ्टला सूट होती हे खरं, पण परदेशी साइटी विकलेला माल गिफ्ट म्हणून लिहून पाठवायला लागल्या तेव्हा १२ डिसेंबर २०१९ ला डीजीएफटीने (आयात-निर्यातीचे नियम ठरवणारं केंद्राचं खातं) तो रस्ता बंद केला, आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढ्यांनाच ती सवलत उरलीय. पूर्ण ड्युटी भरून गिफ्ट आणता येतं, पण मग गिफ्ट म्हणण्यात काय अर्थ. दादाच्या एका मित्राचं म्हणणं, दुकानाला सांगायचं ना २० पाउंड लिही म्हणून. हा सल्ला आमच्याकडे फार प्रेमाने दिला जातो. किंमत खोटी दाखवली तर कलम १११(एम) खाली माल जप्त होऊ शकतो, वर दंड वेगळा, आणि कस्टम्सला शंका आली की ते कार्डाचं स्टेटमेंट मागतात, त्यात २०९ पाउंड छापलेले. शिवाय पार्सल हरवलं तर इन्शुरन्स पण २० पाउंडांचाच मिळणार.

पोस्टाने मागवलं असतं तर? पोस्टाची पार्सलं पण मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टम्सच्या नजरेखालून जातात, ड्युटी लागली तर पोस्टमन दारात वसूल करतो आणि पोस्टाची थोडी फी असते. कुरिअरची ती मोठी फी वाचते. पण वेळ लागतो, आणि लग्नाची तारीख पोस्टासाठी थांबत नाही.

यातली एक गंमत मात्र सांगायलाच पाहिजे. टीशर्ट उघडले तर आत लेबल "मेड इन इंडिया". तिरुप्पूर नाहीतर तिकडचाच कुठला तरी माल, तामिळनाडूतून इंग्लंडला गेला, तिथून सहारला आला, आणि डिचोलीत येताना आयात ड्युटी भरून आला. वहिनीने विचारलं, आपल्याच मालाला ड्युटी कशी? परत आलेल्या भारतीय मालाला सवलत आहे, पण तो कधी कुठल्या बिलावर निर्यात झाला ते दाखवून तोच हा माल असं पटवावं लागतं, दुकानातून एक पॅक घेतलेल्या माणसाकडे ते कागद कुठून येणार. हेच दुसऱ्या बाजूने पण लागू आहे. भारत-ब्रिटन व्यापार कराराची २४ जुलै २०२५ ला सही झाली तेव्हा किती जणांनी मला विचारलं की आता लंडनहून कपडे स्वस्त येणार ना. असल्या करारात माल नुसता कुठून पाठवला ते बघत नाहीत, कुठे बनला ते बघतात. वहिनीचा ड्रेस तुर्कीत बनलेला, त्याला ब्रिटनच्या कराराचा काय उपयोग.

एवढं सगळं होऊन पार्सल लग्नाच्या आधी पोचलं, ड्रेस सुंदर होता, टीशर्ट पोराला बसले. ब्लेझर दादाच्या खांद्यात अडकला.

साइटवर लिहिलेलं, २८ दिवसांत रिटर्न, पूर्ण रिफंड. वहिनी निवांत होती. मी हिशोब मांडला तेव्हा तिचा चेहरा उतरला. पूर्ण रिफंड म्हणजे मालाचे ९० पाउंड. त्या ब्लेझरच्या वाट्याची ड्युटी होती ५,२७६ रुपये, ती दुकानाने घेतलेलीच नाही तर दुकान परत कुठून देणार, ती भारत सरकारकडे गेलेली. येतानाचं शिपिंग जातं ते वेगळं, परत पाठवायचं भाडं आपलं, आणि रिफंड होताना बँक पाउंडाचा दर पुन्हा स्वतःच्या सोयीने लावते, मार्कअप सहसा परत येत नाही. साइझ बदलून मागवला तर त्याहून वाईट, नवा ब्लेझर म्हणजे नवी आयात, त्याला पुन्हा ४४ टक्के.

ड्युटी सरकारकडून परत मिळवायचे दोन रस्ते कायद्यात आहेत आणि दोन्ही मी शोधून बघितले. कलम २६ए प्रमाणे माल सदोष निघाला किंवा ठरल्याप्रमाणे नसला, आणि सुटल्यापासून ३० दिवसांत परत निर्यात केला, तर रिफंड मागता येतो. पण ब्लेझर सदोष नव्हता, साइझ चार्टप्रमाणेच होता, खांदे दादाचे मोठे. दुसरा रस्ता कलम ७४, आयात केलेला माल न वापरता परत निर्यात केला तर ड्युटीच्या ९८ टक्के ड्रॉबॅक, म्हणजे भरलेली ड्युटी परत. ऐकायला किती छान. त्यासाठी निर्यातीचा शिपिंग बिल, तोच माल असल्याची ओळख पटवणं, अर्ज, कागद, आणि कपडा एकदा अंगावर घालून वापरला की नियमानेच ड्रॉबॅक नाही. व्यापाऱ्याचा कंटेनर असेल तर ठीक आहे, एका ब्लेझरसाठी कस्टम ब्रोकर जेवढे पैसे मागेल त्यात ५,२७६ संपले. असल्या खरेदीत ज्या वस्तूचं माप शंभर टक्के माहीत नाही ती घेऊच नये असं मी वहिनीला सांगितलं, ड्रेस तिने त्याच ब्रँडचा आधी घातलेला होता म्हणून बसला, ब्लेझर नुसत्या अंदाजाने घेतला. तरीही ज्यांना परत पाठवायचंच असेल त्यांनी पार्सलवर चिकटवायच्या कस्टम्सच्या सीएन-२२ किंवा सीएन-२३ फॉर्मवर "रिटर्न्ड गुड्स" असं ठळक लिहावं आणि मूळ ऑर्डरचा नंबर टाकावा, नाहीतर तिकडे पुन्हा आयात समजून दुकानाकडून टॅक्स मागतात आणि दुकान तो तुमच्या रिफंडमधून कापतं.

हेच कपडे स्विंडनला बहिणीच्या पत्त्यावर मागवले असते तर काय झालं असतं? १९० पाउंड, म्हणजे २२,८००, बस. व्हॅट त्यात गेला असता (टुरिस्टांना व्हॅट परत मिळायची जी सोय होती ती ब्रिटनने २०२१ च्या सुरुवातीपासून बंद केलीय), पण बहीण नाताळाला घरी येणारच होती आणि बॅगेतून कपडे आणले असते तर भारतीय वंशाच्या प्रवाशाला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंत ड्युटी नव्हती, फेब्रुवारी २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांत ती मर्यादा ७५,००० झालीय. ही सवलत प्रवाशाच्या बॅगेतल्या खऱ्याखुऱ्या घरगुती वस्तूंना, विकायचा माल आणायला नाही. वहिनीच्या बाबतीत अडचण एवढीच की लग्न नाताळाच्या आधी होतं. ड्रेस लागणारच होता, टीशर्ट आणि ब्लेझर थांबू शकले असते. नुसता ड्रेस मागवला असता तर ब्लेझरची ती ५,२७६ ची ड्युटी मुळात लागलीच नसती, आणि बहिणीने तो तिथेच दुकानात जाऊन मोठ्या साइझचा बदलून पण घेतला असता.

एक गोष्ट सुटायला नको. कस्टम्समध्ये खासगी वापरासाठी आलेल्या मालाचं एक वेगळं शीर्षक आहे, ९८०४, आणि २०२६ च्या बजेटमध्ये त्याचा मूळ दर २० वरून १० टक्के केलाय, १ एप्रिल २०२६ पासून. वहिनीचं पार्सल त्याच्या आधीचं, आणि कुरिअरने ते कपड्यांच्या ६१ आणि ६२ प्रकरणांखाली टाकलं होतं. आता कोणी मागवत असेल तर एस्टिमेट आल्याबरोबर कुरिअरला विचारा की शीर्षक कुठलं लावताय आणि खासगी वापर म्हणून ९८०४ का नाही, कारण वरचे माझे टक्के त्या हिशोबाने बदलतात. फक्त विचारायचं ते बिल टाकायच्या आधी.

ब्लेझरचं शेवटी काय झालं तर म्हापशाच्या टेलरने हात वर केले, खांद्यात कपडा सोडलेलाच नाही म्हणाला. परत पाठवला असता तर भाडं जाऊन हातात साडेसात-आठ हजार आले असते असा माझा अंदाज होता. वहिनीच्या भाच्याला तो अगदी मापात बसला, तोही लग्नात घालायला काहीतरी शोधतच होता. त्याला नऊ हजारांना दिला. पाच लगेच दिले, चार पगार झाल्यावर.